दोन अवतरणचिन्हांमध्ये

गुरुवारी वाइके आली तेव्हा
फेरीबोटीच्या तिकिटांचं आमचं पान
डोळ्यांत तेल घालून तपासून झालं होतं.
चौघांनी. आठ डोळ्यांनी.
हेल्डुरनं तर बटणांची निळाई
तीनदा बदलली होती,
मार्चमधल्या बाल्टिकशी जुळेपर्यंत.

वाइके तार्तूतले पियानो सुरात लावते. वय एकसष्ट.
आमच्या भाषेत तिच्या नावात शांतता आहे.
तिनं ओला कोट खुर्चीला अडकवला,
चाचपून माऊस उचलला, माझ्या हातात ठेवला,
जेवायला हातानंच बसणाऱ्या पाहुणीनं
चमचा परत करावा तसा,
आणि म्हणाली, "हं, चला. बेटावर जाते."

मग यंत्र बोलू लागलं.
इतकं भरभर, की मला वाटलं, बिघडलं.
ती ऐकत होती, मान जराशी कलती.
मला एक अक्षर कळेना.
तिनं वेग कमी केला, माझ्यासाठी,
घास बारीक करून भरवावा तसा.

बटण.
बटण.
बटण.
चित्र, चार चार सात एक.
बटण.

"यातलं बेटावर कुठलं जातं?"
हेल्डुर खिडकीबाहेर बघू लागला.
बाण होता त्यावर. मीच काढलेला, नाजूक.
बाणाला आणखी काय बोलायचं असतं,
असं वाटलं होतं मला.

टॅब. टॅब.
ती तारखांच्या चौकटीत शिरली
आणि बाहेर पडायला वाटच नव्हती.
एप्रिल, मे, जून,
ती महिन्यामागून महिने ओलांडत राहिली,
खिडकीबाहेर बर्फ तसाच.
मी पडद्यावर शोधत होतो, ही आहे कुठं?
दिसेना.
जिथं आहोत तिथं उमटणारी कड
मीच पुसली होती फेब्रुवारीत,
हेल्डुरला ती मळासारखी दिसते म्हणून.
एक ओळ. चार सेकंदं.
तिचं काही अडलं नव्हतं त्या कडेवाचून.
हरवलो होतो तो मी.

लीस्बेत म्हणाली, "उद्या पान लावू या,
हे नंतर बघू."
वाइके कोटाची बटणं लावत होती,
खालून वर, एकही न चुकता.
"नंतर म्हणजे," तिनं विचारलं, "बोट सुटल्यावर?"

रात्री मी एकटा थांबलो.
बाणाला नाव दिलं: परतीचं तिकीट.
चौकटीला दार दिलं. कड परत आणली,
जाड, पिवळी. हेल्डुर उद्या भांडेल.
इथवर सोपं होतं.

मग आलं चार चार सात एक.
चित्र नुसती सजावट असेल
तर दोन अवतरणचिन्हांमध्ये काही लिहायचं नाही,
यंत्र तिथून मुकाट्यानं पुढं जातं.
सजावट आहे का?
हे चित्र मी सहा महिने
डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं, कापलं, हलकं केलं.
पाहिलं आत्ता.
धक्का. पाठमोरा माणूस. सायकल.
मागं दोरीनं बांधलेला लाकडी खोका.
बोट आहे, पण येतेय की निघालीय
हे पाण्यावरून ठरत नाही.
लिहिलं, खोडलं. लिहिलं.
"माणूस" पुरे, की "म्हातारा"?
आणि पाठीवरून म्हातारा ठरवणारा मी कोण?

साडेनऊला तिला फोन केला.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मागं कुठंतरी
एकच पट्टी कुणीतरी पुन्हा पुन्हा दाबत होतं.
"तिकीट काढताना," ती म्हणाली,
"मला हे मध्ये नको. घाईत असते मी.
रिकामं सोड."

मी रिकामं सोडलं.

"पण ए," ती म्हणाली,
"त्या खोक्यात काय आहे?"

मी खुर्ची पुढं ओढली,
चित्र मोठं केलं, आणखी मोठं,
फळ्यांचे ठिपके होईपर्यंत.
"थांब," म्हटलं.
"बघून सांगतो."