पुढे चाल

ऑगस्टमध्ये टेलिप्रिंटरवर अडीच ओळी आल्या.
इटलीचा चषक, प्राथमिक फेरी.
पोर्तोसाल्वा नावाच्या कुणा तिसऱ्या श्रेणीतल्या संघाने
वरच्या श्रेणीवाल्यांना एक-शून्य हरवलं होतं.
आठव्या पानाच्या तळाशी बोटभर जागा होती,
शेजारी बोअरवेलची जाहिरात.
तिथे ती बसवली, आणि लूनाला टांग मारून घरी गेलो.

गाव नकाशात शोधलं वगैरे नाही.
नारायण पेठेतल्या आमच्या कचेरीतून
रात्री साडेअकराला इटली फार लांब असते.
त्याहून लांब असतो चहा.

सप्टेंबरात ते पुन्हा जिंकले, भर पावसात.
'भर पावसात' बातमीत नव्हतं,
मी घातलं, कारण इथे गणपतीचे मांडव गळत होते.
मुद्रितशोधक तांबोळी चष्म्यावरून बघत म्हणाले,
"साल्वा की सालवा? एकदा काय ते ठरव.
पोरं लांबची असली तरी नाव नीट छापावं."
ठरवलं. अर्ध्या ल-सकट.

साखळीत पुढचा रविवार असतो.
बाद फेरीत नसतो.
हरलेल्याचे ओले मोजे त्याच रात्री परतीच्या बसमध्ये चढतात.
आणि आमची भाषा अशी,
की न खेळता वर गेलेल्याला म्हणते,
'पुढे चाल मिळाली',
जणू वेशीवर कुणी पाठीवर हात ठेवून म्हटलं, जा बाबा.
पोर्तोसाल्वाला ती एकदाही मिळाली नाही.

डिसेंबरात टायब्रेकर. पाच-चार.
वृत्तसंस्थेच्या शेवटच्या वाक्यात होतं,
त्यांचा गोलरक्षक एरवी शाळेची बस चालवतो.
जागा नव्हती. दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचं म्हणणं कापलं
आणि बस ठेवली.

उपांत्यपूर्व फेरी जानेवारीत.
सामना सुरू झाला तेव्हा आमचं पान छपाईला गेलेलं.
दुसऱ्या दिवशी आठवं पान अख्खं विकलेलं,
कोथरूडमध्ये दोन खोल्या, बुकिंग सुरू.
शून्य-चारचा कागद खिळ्याला टोचला
आणि विसरलो. खरंच विसरलो.

तिसऱ्या दिवशी फोन.
"खडकी बाजारातून आरोक्यस्वामी बोलतो, सायकलवाला.
ते पोर्तोसाल्वाचं काय झालं वो?
दोन दिवस पेपर उलटासुलटा करून बघितला."
मागे पंपाचा फुस्सफुस्स आवाज.
"भिंतीवर खडूनं तक्ता काढलाय ऑगस्टपासून.
चार घरं आहेत, तीन भरली.
दारूगोळा कारखान्याचे सेकंड शिफ्टवाले
रोज सायकल टेकवून विचारतात. काय सांगू?"

मी खिळ्यावरचे कागद उपसले.
हरले, म्हटलं. शून्य-चार.
पंप थांबला.
मला वाटलं, फोन ठेवला.
"पहिला कितव्या मिनिटाला?"
सत्तराव्या.
"म्हंजे एकोणसत्तर मिनिटं धरलं होतं," ते म्हणाले,
माझ्याशी नाही, दुकानात कुणाला तरी सांगितलं,
आणि कुणीतरी ते आणखी कुणाला सांगितलं.
मग म्हणाले, "छापा की साहेब. राहिलं असंल तर राहू दे.
पण छापा."

चौथ्या दिवसाची शिळी बातमी,
पानसे भडकले. मी म्हटलं, वाचकाचा फोन होता.
एक? एकच.
रणजीच्या गुणफलकातून दोन ओळी चोरल्या,
आणि लिहिलं:
'पोर्तोसाल्वाने एकोणसत्तर मिनिटे झुंज दिली.'
तांबोळींनी पेन्सिल ल-वर टेकवून पुढे नेली.
काही बोलले नाहीत.

त्या तक्त्यावर चौथं घर कसं भरलं, माहीत नाही.
खडकीला जायचं राहिलंच,
नंतर फोनही आला नाही.

मे महिन्यात कुणीतरी तो चषक जिंकला.
फोटो होता, तीन स्तंभांचा.
मथळा मीच दिला असणार.