तिसऱ्या नकारापर्यंत

मालाडहून बसने अक्सा, दोन रात्री, एक खोली.
खिडकीतून समुद्र दिसेल, म्हणाला होता मॅनेजर.
दिसतो. गच्चीतल्या टाकीवर चढलं तर.

नऊ वर्षं कानाला हेडफोन लावून
मी लोकांना विचारते, कर्ज हवंय का.
दिवसाला एकशे साठ माणसं.
रजेच्या अर्जावर कारण लिहिलं: कान.
साहेबांना वाटलं, दुखतोय.

पहिल्या सकाळी वाळूवर नीट टेकलेही नव्हते
तोच कैरीवाली.
मग शिंपल्यांच्या माळांचा मुलगा,
मग घोडागाडी, एक फेरी शंभर, तुमच्यासाठी ऐंशी,
मग गळ्यात कॅमेरा अडकवलेले निजामकाका
आणि त्यांच्या हातात नमुना म्हणून
दुसऱ्याच कुणाचा मधुचंद्र.
नको. नको. नको हो.
डोळे मिटून घेतले
तर मिटल्या डोळ्यांपाशी येऊन
कुणीतरी बासरी वाजवून दाखवली.

आमच्याकडे नियम आहे,
तिसऱ्या नकारापर्यंत फोन ठेवायचा नाही.
पहिला नकार सवयीचा असतो,
दुसरा घाईचा,
तिसरा खरा.
भिरभिरेवाल्या पोराला हे कुणी शिकवलं?
पहिल्या नकारावर तो हसला,
दुसऱ्यावर एक भिरभिरं
माझ्या चपलेशेजारी खोचून
लांब जाऊन उभा राहिला,
वाऱ्याच्या भरवशावर.
आमच्याकडे वारा नसतो. व्याजदर असतो.

शेवटी फिलोमिना. काखेत चटयांची वळकटी.
वीस रुपये, दिवसभर.
मी म्हटलं, मला काही नको बाई,
जरा शांत बसायचंय.
"मंग चटईच घे ना.
चटईवरचं गिऱ्हाईक माझं.
कोन नाय येनार."

आणि खरंच कुणी आलं नाही.
यायचे, चटईचा काठ बघायचे, वळायचे.
मी मधोमध बसून राहिले,
वीस रुपयांची राणी,
आणि कानात माझाच आवाज सुरू झाला,
सर, फक्त दोन मिनिटं, सर,
सर, ऐकताय ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन.
वाळू इतकी तापली की कुत्रीसुद्धा पाण्यात.
गिऱ्हाईक एकच, मी.
"करपशील, इकडं ये," फिलोमिनाने सुरूंखालून हाक मारली.
तिथे सगळे होते.
डबे उघडलेले, घोड्याचं तोंड चंदीच्या पिशवीत,
बासरीवाला बासरीच्या टोकाने पाठ खाजवत होता.
कैरीवालीने पोळीवर सुकटीची चटणी ठेवून
न विचारता माझ्या हातात दिली.
कुणी कुणाला काही विकत नव्हतं.

निजामकाका आडवे झालेले,
कॅमेरा पोटावर, श्वासाबरोबर वर-खाली.
"तुम्ही काय करता?"
फोन करते, म्हटलं. कर्जासाठी.
डोळे न उघडता म्हणाले, "अच्छा, त्या तुम्ही.
मी कट करतो."
"माहीत आहे," मी म्हटलं.
सगळे हसले. घोडा शिंकला.
मग कुणीच काही बोललं नाही.

किती वेळ ते सांगता येणार नाही.
वाळूत खोचलेला भिरभिऱ्यांचा जुडगा
आपापला फिरत होता,
त्याची किंचित फर्रफर्र,
आणि त्याच्या पलीकडे, मला आत्ता कुठे कळलं,
समुद्र केव्हाचा बोलत होता,
काहीही न मागता.

तीनच्या सुमाराला वर रस्त्यावर सहलीची बस थांबली.
उठले सगळे, वाळू झटकली,
चेहरे पुन्हा चढवले.
पोरगा जाता जाता माझ्यापाशी आला.
घ्या ना ताई, तीस रुपये.
नको.
वीस.
नको रे.
तो उभा राहिला. मीही.

दोनदाच नको म्हटलं.

भिरभिरं आता ऑफिसात आहे, पेनांच्या पेल्यात.
एसीचा झोत तिथवर पोचत नाही.
कुणी फोन आपटला
की मी त्याच्यावर फुंकर मारते,
आणि पुढचा नंबर लावायच्या आधी
ते थांबेपर्यंत थांबते.