विसर्ग

गंगापूर धरणावर तेवीस वर्षं मी एकच काम करतोय:
किती धरायचं, किती सोडायचं.
दरवाजा अर्धा फूट वर, वहीत वेळ,
खाली होळकर पुलाला फोन.
सराफ बाजारातले विचारतात एवढंच,
दुतोंड्याच्या कुठवर येईल?
गुडघा म्हटलं की दुकानं उघडी,
कंबर म्हटलं की माल माळ्यावर.

फोनचं मात्र मला जमेना.
दीड जीबी सकाळी साडेनऊलाच खलास.
रात्रपाळी संपवून घरी पोचेस्तोवर
बारा सुप्रभात, कुणाचा तरी केक,
आणि मखमलाबादच्या द्राक्षबागेत शिरलेला बिबट्या,
सात गटांतून सात वेळा
तोच बिबट्या, तीच शेपूट,
उतरून बसलेले.

कंट्रोल रूममध्ये नवी आलेली योजना धात्रक
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"काका, तुम्ही तर सगळेच दरवाजे उघडे टाकलेत."
मोबाइल डेटावर फोटो बंद. व्हिडिओ बंद. आवाज बंद.
"लास्ट सीन?"
कुणाला बघायचंय. बंद.
"निळ्या टिका?"
त्या कशाला असतात ते तिनं सांगितलं.
मग तर बंदच.
'सातपूर जुने मित्र' आधी आठ तास म्यूट,
मग आठवडा, मग कायमचे.

त्या दिवशी नऊशे एमबी उरले.
मी वहीत सहीसकट लिहिणार होतो.

आता सगळं धुकट यायचं,
मधोमध बाण, खाली आकडा.
मी आकड्यावरून माणूस ठरवू लागलो.
तीनशे केबीच्या आतला बरा.

निवृत्तीचा आला तो चौदा एमबीचा.
आडगावच्या घराची वाटणी झाल्यापासून
दोन वर्षांत पहिलाच.
खाली एक अक्षर नाही.
चौदा एमबी. म्हटलं, घरी वायफायवर बघू.
घरी वायफाय आहे.
घरी रोज गेलो.

बाण दाबला तेव्हा माघ लागला होता.
गोल फिरलं, थांबलं.
फाइल आता उपलब्ध नाही.
पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

सांगा म्हणे.
यंत्राच्या बापाचं काय जातंय.

धुकं तेवढं राहिलं, नखाएवढं.
एक हिरवं, त्याला टेकून एक पांढरं.
पांढरं म्हणजे नव्यानं चुना मारलेली भिंत असेल,
किंवा त्याच्या लेकीचा फ्रॉक,
किंवा तो स्वतः, पाठमोरा.
डोळ्याशी नेलं तर चौकोन, चौकोन, चौकोन.
लांब धरलं की वाटतं, काहीतरी हललं.

काल पहाटे पावणेचारला
आवक शून्य, पातळी स्थिर,
शेगडीपाशी योजना पेंगत होती.
मी लिहिलं: निवृत्ती, तो व्हिडिओ परत टाक.
मग 'काय होतं त्यात' लिहिलं, खोडलं.
मग 'फोन बिघडला होता' लिहिलं.
तेही खोडलं.

एक टिक.
बऱ्याच वेळानं दुसरी.
निळी झाली तरी मला दिसणार नव्हती,
ते दार मीच लावलेलं.

योजनाला उठवलं नाही.
तीन ठिपके, सेटिंग, गोपनीयता,
दोनदा चुकून भलतीकडे गेलो,
पण सापडलं.

वहीत वेळ लिहिली नाही.
होळकर पुलालाही कळवलं नाही.