बिब्बा

गायधनी सरांनी कोट काउंटरवर उलगडला,
त्याआधी हात पुसले रुमालाला.
राखाडी-हिरवी लोकर, कसरीनं खाल्लेली.
भद्रकालीच्या भंगारात मिळाली म्हणाले,
समयांच्या पोत्यात, समया घासू नयेत म्हणून कोंबलेली.

मग अस्तर उलटलं.
"हे बघ, शिक्के."
पाच आकडे, पत्त्यांतल्या पंजीसारखे मांडलेले:
वर त्रेचाळीस आणि एकोणचाळीस,
मध्ये चौऱ्याण्णव,
खाली अडुसष्ट, बासष्ट.
पाठ, गळा, छाती, उंची, बाही.
हे मला सांगावं लागलं नाही.
टेप न लावताच दिसला माणूस,
लांब हातांचा, छातीनं बेताचा,
आमच्याकडं तोफखान्यातली नवी पोरं
पहिला युनिफॉर्म टाकायला येतात, तेवढा.

त्याखाली एम, आणि त्रेचाळीस साल.
एम म्हणजे म्युनिकचं कोठार.
त्याखाली शून्य, तिरकी रेघ, चार आकडे,
पुन्हा रेघ, पुन्हा चार.
सर भिंगातून बोलत होते.
नोटांच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं शाई तपासलेला माणूस.
"आधी कारखान्याचं नाव असायचं, गावासकट.
मग नावं गेली, नंबर आले.
कुणी शिवलं, कुठं शिवलं, बाहेरच्याला कळू नये.
पण शाई बघ. धाग्यात मुरलीय.
नकली शाई वर बसते, नखानं निघते."
नखानं खरवडून दाखवलं.
निघाली नाही. खूश झाले.

"फक्त हा डाग तेवढा काढून दे.
यानं किंमत पडते."

शिक्क्याच्या शेजारी, गळ्याच्या खाली,
एक आडवी रेघ. तिच्याखाली तीन टिंबं.
एका टिंबाला शेपूट.

बिब्बा आहे, सर. जात नसतो.
बिब्ब्यात सुई टोचायची, त्याच सुईनं खूण करायची,
वर चुना लावायचा.
मग सोडा घाला, भट्टीत उकळा,
दारणेच्या दगडावर आपटत राहा.
कापड आधी जाईल.
आमच्या सखाहरीबाबांच्या अंगठ्याला बिब्बा उतला होता,
ठसाच उठायचा नाही.
पगाराच्या दिवशी कारकून वैतागायचा,
आणि बाबांना त्याची गंमत वाटायची.

अक्षर त्यांना येत नव्हतं.
सगळी छावणी त्यांनी रेघांत आणि टिंबांत बसवली होती.
तीन टिंबं म्हणजे तंबूंची तिसरी रांग.
शेपूट म्हणजे, वडील सांगायचे,
बटण आधीच तुटलंय,
आमच्याकडं तुटलेलं नाही,
उगाच भांडायला येऊ नका.

सर हसले.
मग भिंग शिक्क्यावरून सरकवून तिकडं नेलं.
कैद्याचा असेल, म्हणाले.
किंवा इटलीहून परतलेल्या जवानानं
थंडीला म्हणून आणलेला.
पुढचं काही बोलले नाहीत.

मी बटणं मोजली. सहा.
पाच एका साच्यातली, खरखरीत, रंग उडालेली.
वरून दुसरं पितळेचं,
त्याच्यावर तोफ.
दोरा पांढरा, चार वेढे, मागं गाठ.
आजीचा टाका ओळखला असं म्हटलं असतं
तर बरं वाटलं असतं.
मी आजीचा टाका कधी पाहिलेला नाही.

पावती फाडली. कोट एक, लोकरी.
ब्रश, सावलीत वारा, कडुलिंबाचा पाला.
डागाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
सरांनी उत्तर दिलं नाही.
खिशातून त्यांची वही काढली,
तीत शून्य, रेघ, चार आकडे, रेघ, चार आकडे
आधीच उतरवलेले होते, सुबक.
त्याच ओळीत पुढं
त्यांनी एक आडवी रेघ ओढली,
खाली तीन टिंबं दिली,
आणि शेपूट कोणत्या टिंबाला, ते विसरले.
भिंग दे रे, म्हणाले.
भिंग त्यांच्याच हातात होतं.