ज्याचं काही होत नाही

जेल रोडच्या रो-हाउसमागे चार फुटांची पट्टी.
बिल्डर तिला लॉन म्हणायचा.
तिथं मी बांबू लावला.

शेजारचे आहिरराव गेटातूनच हसले,
"रिटायर झाल्यावर कुणाला लावताय म्हणे बांबू?"
त्यांची बायको मात्र हसली नाही.
म्हणाली, घराला लागून कळक नसावा, शेवटी त्याचीच...
आणि पुढचा शब्द तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळला.

तीन जाती.
मखमलाबादच्या नर्सरीतून रिक्षात आडव्या घालून आणल्या,
शेंडे बाहेर. द्वारकेला एक पोरगा मोटारसायकलवरून
पानं ओरबाडत गेला.

एक काळा. कोंब हिरवाच येतो,
मग दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत
मनाशी काही ठरवल्यासारखा
काळा होत जातो, खालून वर.

एक फुगीर पेरांचा.
नर्सरीवाला म्हणाला, पाणी बेतानं घाला बाई,
सुखात ठेवलात तर सरळसोट वाढेल,
मग पोट सुटणार नाही आणि
मला येऊन भांडाल.

आणि एक पिवळा, हिरव्या रेघांचा.
त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी
नोट प्रेसबद्दल सांगावं लागेल.
एकतीस वर्षं तपासणीला होते.
रेघ केसभर सरकली, कागद बाजूला.
शाई जाड, बाजूला.
घरी आल्यावर भाकरीचा काठसुद्धा
मी उजेडात धरून बघायची, ह्यांना राग यायचा.

आता सकाळी चष्मा लावून पिवळ्यासमोर उभी राहते.
एका पेराची रेघ दुसऱ्यासारखी नाही.
हे अर्धं हिरवं, ते कोरं,
त्याच्या वरचं कुणाच्या हातून दौत कलंडल्यासारखं.
अंगठा आपोआप सरकतो:
बाद, बाद, बाद.
बाद करून ठेवायचं कुठं, ते मात्र कळत नाही.

चौथ्या वर्षी बेट दाटलं.
विरळ करायला बुरूड आळीतले तुळशीराम आले,
सायकलवर, कोयता गोणपाटात गुंडाळून.
त्यांचा कळक म्हणजे सूप, रवळी, दुरडी,
पिंपळगावच्या टोमॅटोला टेकू,
लग्नाला मांडव,
आणि मध्यरात्री दार वाजवून मागतात ते दोन लांब.

फुगीर पेरावर त्यांनी टिचकी मारली.
"ही पोटुशी दिसतेय."
काळा नखानं खरवडला.
"रंग दिलाय?"
नाही म्हटलं.
मग बराच वेळ पेरं मोजत राहिले.
"कामटी निघायची नाही याची. तुटेल.
काय होतं मग याचं?"
काही होत नाही. बघायचा.
"कितीला पडला?"
साडेआठशे, मी हळू आवाजात म्हटलं,
चोरी पकडल्यासारखं.

ते काही बोलले नाहीत.
म्हातारी तेवढी कांडं तोडली, बुडाशी, तिरपा एकच घाव.
कोंबांना कोयत्याचा वाराही लागू दिला नाही.
मग बादली पालथी घालून
बेटाखाली बसले. विडी काढली, पेटवली नाही.
वर काळा पिवळ्याला घासत होता,
नवी चप्पल वाजावी तसा.

"सत्तर वर्षं कळकासमोर बसलो," म्हणाले,
"चिरत.
खाली कधी बसलो नव्हतो."

आहिररावांची बायको कठड्यावरून बघत होती.
मी तिला चहाला हाक मारली नाही,
का कोण जाणे.

मजुरी घेतली, मोजली नाही.
तोडलेल्यातलं एक पिवळं कांडं उचललं,
सगळ्यात वेडीवाकडी रेघ होती ते.
काय करणार याचं, मी विचारलं.
त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

सायकलला ते आडवं बांधलं,
मागच्या टोकाला नियमानं लाल फडकं,
आणि बिटकोच्या दिशेनं निघाले,
गर्दी जरा बाजूला सरू देत.