चार नंबरच्या काट्यावरून

याला थांबवायचे तीन शब्द आहेत.
पहिला मवाळ: नवा कोणी आत घ्यायचा नाही,
आत बसलेल्यांना मात्र उठवायचं नाही.
दुसरा दिवे मालवत फिरतो,
अर्धी लिहिलेली नोंद पुसून हात रिकामे करतो.
तिसरा तोंडातला घास काढतो.
त्यानंतर सर्व्हर उठतो तेव्हा
आपलीच रोजनिशी चाळत बसतो,
काल कुठवर आलो होतो ते शोधत.

मी पहिला शब्द टाइप केला. एंटर.
क्लाक्सविकचं बंदर, फेब्रुवारी,
शीतगृहाच्या पत्र्यावर गारा.
आठ हिवाळे या खोक्याने
टेबलाखाली माझे पाय शेकले.
उद्यापासून मासळीचा हिशेब तोर्शाव्हनच्या मशीनवर.

पडद्यावर ठिपका. सेकंदाला एक.
मी बाही विणायला घेतली.
टाका, ठिपका, टाका,
सहा ओळी झाल्या तरी
हा आपला निघतो निघतो म्हणत उंबऱ्यातच.

दुसऱ्या खिडकीत यादी मागवली: आत कोण?
एकच. चार नंबरचा काटा.
व्यवहार उघडा, हालचाल नाही.
म्हणजे हानुस.

दुसरा शब्द बोटावर आला होता.
यास्पुर म्हणालाच होता, अकराच्या आत उरक.
कोणी विचारलंही नसतं.
मी कोट चढवला.

शेडमध्ये हानुस, चष्मा कपाळावर,
एका बोटाने कळफलक शोधत.
"उशिराची बोट. अकरा पेट्या कॉड, तीन हॅडक.
ही एक मघाशी बर्फासकट धरली गेली,
आता बर्फ काढून परत तोलतोय."
पेटीतून पाणी ठिबकत होतं.
मी आकडे वाचले, त्याने दाबले.
"त्याला बंद करतेयस म्हणे?"
"करतेय. तुमच्यासाठी खोळंबलाय."
हानुसने चष्मा डोळ्यांवर घेतला,
शेवटचं शून्य खोडलं,
आणि पुन्हा शून्यच लिहिलं.

जिना चढून आले तेव्हा
ठिपक्यांनी पडदा अर्धा भरला होता
आणि शेवटी, मी नसताना:
झालं. सर्व्हर थांबला.

विणकाम खाली पडलं होतं, दोन टाके सुटलेले.
मी बूट काढले, टेबलाखाली पाय घातले.
अजून कोमट होतं.