रकाना

बारावी झाले म्हणून मला फोन दिला
आणि दिवसाचे चारशे रुपये.
म्हसळ्याच्या खाडीपासून वरच्या कड्यापर्यंत
जिथे वेल दिसेल तिथे उभं राहून बटण दाबायचं.

नवशी आत्या पुढे, मी मागे.
तिने एकवीस जागा दाखवल्या.
कंद निघाला की त्याची मुंडी मोडून
ती परत त्याच खड्ड्यात ठेवायची, माती लोटायची,
पायाने नाही, हाताने.
मी म्हटलं, याला रकाना नाही गं.
ती म्हणाली, बरं.

दिवाळीनंतर वाडी भट्टीवर गेलेली,
तेव्हा पनवेलकडची पिकअप आली.
कुणाला वाट विचारावी लागली नाही त्यांना.
परतलो तर एकवीसही खड्डे उघडे,
एकात गुटख्याची पुडी.

साहेब वाईट नव्हते. चहा सांगितला.
माहिती खुली आहे, म्हणाले, सगळ्यांची आहे,
आता मागे कशी घेणार?
आत्या बशीतला चहा संपेपर्यंत गप्प.
मग म्हणाली,
सगळ्यांची ना?
तर सगळ्यांना सांगा मुंडी पुरायला.

या वर्षी पुन्हा बोलावलंय मला. चारशेचे पाचशे झालेत.
अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही.

काल आत्या म्हणाली, फोन चुलीपाशी ठेव, चल.
सवयीने मी पावलं मोजत निघाले,
चाळीसच्या पुढे कुठेतरी
मोजायचं राहिलं.

रात्री भाकरी थापताना बघते,
नखांत अजून माती.